बीड जिल्ह्यातील आत्महत्या : शिक्षण, उत्पन्न आणि नोंदीची भाषा

दारिद्र्य वाढले की आत्महत्या वाढतात आणि शिक्षण वाढले की त्या कमी होतात, ही दोन विधाने वृत्तपत्रांतून, व्यासपीठांवरून आणि क्वचित प्रबंधांतूनही इतक्या सहजतेने केली जातात, की त्यांना पुराव्याची आवश्यकता आहे असे कोणास वाटत नाही. पहिल्या विधानात तथ्याचा अंश आहे. दुसऱ्यात तो फार थोडा आहे. परंतु ती खरी की खोटी हे ठरविण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येणारा आहे : ज्या तक्त्यांच्या आधारे हा संबंध जोडावयाचा, त्या तक्त्यांतील ‘शेतकरी’, ‘शिक्षण’, ‘उत्पन्न’ आणि ‘कारण’ हे शब्द कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अर्थाने लिहिलेले असतात? या प्रश्नाच्या विचारास बीड जिल्ह्याइतके उपयुक्त उदाहरण महाराष्ट्रात सहसा सापडणार नाही.

उत्तरेस गोदावरी आणि मध्ये बालाघाटची डोंगररांग, असा हा अकरा तालुक्यांचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पाऊस बेभरवशाचा, शेती बहुतांशी कोरडवाहू, पिके मुख्यतः कापूस व सोयाबीन, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे ऊसतोडीसाठी निघणारी हजारो कुटुंबे, हे त्याचे चित्र सर्वपरिचित आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ आणि साक्षरता सुमारे ७७ टक्के होती. त्याच वेळी राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांहून किंचित अधिक होती. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०२३ साली १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय आयुक्तालयाकडे झाली. त्यांपैकी २६९ आत्महत्या, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, एकट्या बीडमधील होत्या.

२०११ ची लोकसंख्या आधारास घेतली तर हे प्रमाण दर लाखास १०.४ पडते. देशातील सर्व व्यवसायांच्या, सर्व वयांच्या आत्महत्यांचा एकत्रित दर २०२२ साली १२.४ होता. म्हणजे बीडमध्ये केवळ एका व्यवसायातील मृत्यू, आणि तेही संपूर्ण लोकसंख्येने भागून, देशाच्या एकंदर दराच्या निकट जाऊन बसतात. हा भागाकार वस्तुतः अन्यायाचा आहे. अंशस्थानी शेतकरी आणि छेदस्थानी सारा जिल्हा, हे गणित शास्त्रशुद्ध म्हणता येणार नाही. छेदस्थानी केवळ शेतकरी घ्यावयाचे, तर शेतकरी कोण हे आधी निश्चित करावे लागेल. आणि अडचण नेमकी तेथेच आहे. तिचा विचार पुढे केला आहे. प्रथम शिक्षण व उत्पन्न यांविषयी देशपातळीवरील तक्ते काय सांगतात ते पाहू.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अपघाती मृत्यू व आत्महत्या यांविषयीचा वार्षिक अहवाल हे या बाबतीतील मुख्य साधन होय. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत निरक्षर ११ टक्के, प्राथमिक शिक्षण झालेले १५.८ टक्के, आठवीपर्यंत शिकलेले १८.६ टक्के आणि मॅट्रिकपर्यंत पोहोचलेले २४ टक्के होते. पदवीधर व त्यापुढील केवळ ४.६ टक्के. या आकड्यांवरून ‘शिकलेले अधिक आत्महत्या करतात’ असा मथळा देता येतो, तसाच ‘उच्च शिक्षण जीव वाचविते’ असाही देता येतो. आणि दोन्ही मथळे दिले गेलेले आहेत. वस्तुतः हे दर नव्हेत. हे मृतांमधील वाटे आहेत. त्या त्या शिक्षणस्तराचे लोकसंख्येतील प्रमाण शेजारी ठेवल्यावाचून त्यांना अर्थ येत नाही. २०११ मध्ये सात वर्षांवरील लोकसंख्येपैकी सुमारे २६ टक्के निरक्षर होते. मृतांत ते ११ टक्के आहेत. अर्थात निरक्षरांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने कमी, आणि मधल्या पायऱ्यांवरील शिक्षितांचा अधिक, असे सकृद्दर्शनी दिसते.

सकृद्दर्शनी म्हणावयाचे ते वयामुळे. भारतात नोंदलेल्या आत्महत्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटात घडतात. याच वयोगटात शाळेत गेलेल्यांचे प्रमाण मोठे आहे, तर निरक्षरता वृद्धांत साठलेली आहे. तेव्हा आठवी-दहावीच्या रकान्यात जो फुगवटा दिसतो त्याचा काही भाग केवळ तारुण्याचा आहे, शिक्षणाचा नाही. वयाचा प्रभाव वेगळा काढल्यावाचून शिक्षणास दोषी वा निर्दोष ठरविणे अयोग्य होय; आणि जिल्हापातळीवर वय व शिक्षण यांचे संयुक्त तक्ते अभ्यासकाच्या हाती सहजासहजी येत नाहीत.

उत्पन्नाचा तक्ता तर याहून फसवा आहे. त्याच वर्षी मृतांपैकी ६४.२ टक्के व्यक्ती वार्षिक एक लाखाहून कमी उत्पन्नाच्या गटात नोंदल्या गेल्या. दारिद्र्य व आत्महत्या यांच्या संबंधाचा हा निर्णायक पुरावा म्हणून वारंवार पुढे केला जातो. परंतु उत्पन्न कोणाचे? व्यक्तीचे की कुटुंबाचे? त्याच अहवालातील व्यवसायांचा तक्ता पाहिला तर मृतांत गृहिणी १४.१ टक्के, बेरोजगार ८.४ टक्के आणि विद्यार्थी सुमारे ८ टक्के आढळतात. ही बेरीज साडेतीस टक्क्यांची होते. या तिघांना रूढ अर्थाने स्वतःचे उत्पन्न नसते. रकान्याचा अर्थ ‘स्वतःचे उत्पन्न’ असा घेतला, तर ‘एक लाखाहून कमी’ या गटाचा जवळजवळ अर्धा भाग अशा व्यक्तींनी भरून निघतो, मग त्यांची घरे सधन असोत की निर्धन. कुटुंबाचे उत्पन्न असा अर्थ घेतला, तर तो आकडा ठाण्यातील अंमलदाराने शोकमग्न नातेवाइकास विचारून लिहिलेला असतो. दुष्काळी वर्षात कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न शून्याच्याही खाली जाते, त्यास कोणता गट द्यावयाचा, हा प्रश्न तर तक्ता करणाऱ्यांना पडलेलाच दिसत नाही.

या विषयाच्या इतिहासात शिक्षण व दारिद्र्य यांचा विचार प्रथम व्यवस्थितपणे मांडला तो एमिल दुर्खीम यांनी, १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. त्यांना युरोपात असे आढळले, की साक्षरता जेथे अधिक तेथे आत्महत्या अधिक. प्रोटेस्टंट प्रांत कॅथॉलिक प्रांतांहून अधिक शिकलेले आणि आत्महत्यांतही पुढे. परंतु त्यांनी एवढ्यावर समाधान मानले नाही. ज्यू समाज सर्वांत अधिक शिकलेला असूनही त्याच्यात आत्महत्या थोड्या होत्या. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की शिक्षण हे कारण नव्हे. समूहाची परंपरागत वीण सैल झाली म्हणजे मनुष्य विद्येकडे वळतो, आणि तीच सैल वीण त्याला संकटकाळी एकटे पाडते. जेथे वीण घट्ट राहून विद्या आली, तेथे विद्येने अपाय केला नाही. दारिद्र्याविषयीही त्यांचे मत असेच लोकसमजुतीच्या उलट आहे. आयर्लंडमधील कंगाल शेतकरी, इटलीतील कॅलाब्रिया हा दरिद्री प्रांत, स्पेन, या सर्व ठिकाणी आत्महत्या अल्प होत्या. दारिद्र्य मनुष्याच्या अपेक्षांना आपोआप मर्यादा घालते. घातक असते ते अपेक्षा व साधने यांचे नाते अकस्मात बदलणे, मग तो बदल मंदीचा असो की भरभराटीचा.

भारतात राज्यांची तुलना केली तर दुर्खीम यांच्या पहिल्या निरीक्षणास वरवर दुजोरा मिळतो. २०२२ साली केरळात आत्महत्यांचा दर लाखास २८.५ होता, तर बिहारात केवळ ०.६, महाराष्ट्राचा सुमारे १८. साक्षरतेत केरळ सर्वांच्या पुढे आणि बिहार सर्वांच्या मागे. तथापि येथे दोन सावधगिऱ्या बाळगावयास हव्यात. पहिली नोंदीची. सत्तेचाळीसपट अंतर हे केवळ मनुष्यस्वभावाचे असणे संभवनीय नाही. त्यात ठाण्यापर्यंत कोणते मृत्यू पोहोचतात आणि तेथे कोणत्या नावाने लिहिले जातात याचा वाटा मोठा असला पाहिजे. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी घरोघरच्या मृत्युपाहणीवरून २०१० सालासाठी सुमारे १,८७,००० आत्महत्यांचा अंदाज दिला होता. पोलिसांच्या नोंदीत त्या वर्षी त्या १,३४,५९९ होत्या. ही तूट पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत अधिक होती. दुसरी सावधगिरी तर्काची. १९५० मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी दाखवून दिले, की ज्या राज्यांत परदेशातून आलेल्यांची वस्ती अधिक होती तेथे साक्षरताही अधिक होती, जरी ते परदेशी लोक स्वतः इतरांहून कमी साक्षर होते. ते अधिक साक्षर राज्यांत जाऊन राहत होते, इतकेच. प्रदेशाचा गुण व्यक्तीच्या माथी मारता येत नाही. केरळ शिकलेले आहे आणि केरळात आत्महत्या अधिक आहेत, एवढ्यावरून केरळातील शिकलेला माणूस आत्महत्या करतो हे सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर कोकणाचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. तेथे शेतजमिनीचे तुकडे मराठवाड्याहून लहान, शेतीचे रोख उत्पन्न बेताचे, आणि साक्षरता बीडहून अधिक. तरीही कोकण विभागात शेतकरी-आत्महत्यांची नोंद जवळजवळ नाहीच. तेथील शेतकऱ्याने भात पिकविले ते मुख्यतः घरी खाण्यासाठी, आणि रोख पैसा मुंबईहून मनीऑर्डरने आला. पीक उभे करण्यासाठी दर हंगामात कर्ज काढण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. शिक्षण आणि उत्पन्न हे दोनच चल घेऊन बसलेल्या अभ्यासकास कोकण व बीड यांतील हा भेद उलगडणार नाही. तिसरा चल, म्हणजे कर्ज, त्यास घ्यावाच लागेल; आणि कर्ज म्हटले की पुन्हा शब्दांचा प्रश्न उभा राहतो.

महाराष्ट्र शासनाने १९ डिसेंबर २००५ च्या निर्णयान्वये आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याची पद्धत ठरविली : तीस हजार रोख, सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. साहाय्यास अटी आल्या. नावावर शेतजमीन असावी; कर्ज राष्ट्रीयीकृत वा सहकारी बँकेचे, मान्य वित्तसंस्थेचे अथवा परवानाधारक सावकाराचे असावे; नापिकीमुळे त्याची फेड झालेली नसावी व परतफेडीचा तगादा असावा. तहसीलदाराने चौकशी करावयाची आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय द्यावयाचा. तेव्हापासून शासकीय तक्त्यांत तीन रकाने रूढ झाले : पात्र, अपात्र, आणि चौकशीसाठी प्रलंबित.

‘पात्र आत्महत्या’ हा शब्दप्रयोग मराठीत याच पद्धतीने आणला. व्याकरणदृष्ट्या तो विलक्षण आहे. पात्र असते ते कुटुंब, आणि तेही साहाय्यास. परंतु विशेषण कुटुंबावरून सरकून मृत्यूस जाऊन चिकटले. कार्यालयीन भाषेत विशेषणांची अशी स्थलांतरे नित्य होतात आणि बहुधा निरुपद्रवी असतात. येथे मात्र तसे झाले नाही. ज्या घरी साहाय्य नाकारले गेले, त्या घरास मृत्यूच अपात्र ठरल्याचे ऐकावे लागले. याच सुमारास ‘आत्महत्याग्रस्त’ हे विशेषणही स्थिरावले. ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’, ‘भूकंपग्रस्त’ या मालिकेतील हा शब्द. बाहेरून कोसळलेल्या आपत्तीने ज्यास ग्रासले तो ग्रस्त. आधी तो कुटुंबास लागला, मग जिल्ह्यांस. मराठवाड्याचे आठ व विदर्भाचे सहा मिळून चौदा जिल्हे शासकीय लेखनात ‘शेतकरी आत्महत्याग्रस्त’ झाले, आणि बीड त्यांत आहे. एक शब्द घरावरील दोष दूर करतो, दुसरा तो परत आणून ठेवतो. आणि दोन्ही एकाच कागदावर असतात.

गावातील बोलीत यांपैकी कोणताही शब्द नाही. तेथे माणूस ‘जीव देतो’, किंवा त्याने ‘बरेवाईट करून घेतले’ असे म्हणतात. ‘हत्या’ या शब्दातील पातकाची छटा बोली टाळते. याउलट वृत्तपत्रांची व पंचनाम्यांची भाषा एका साच्यात घट्ट बसली आहे : ‘नापिकी व कर्जबाजारीपणास कंटाळून’. या साच्यातील तीन पदांपैकी दोन शासननिर्णयाच्या अटींशी जुळतात हा योगायोग नसावा. नातेवाइकाने काय सांगितले आणि लिहिणाऱ्याने काय लिहिले, यांमधील अंतर या साच्यात नाहीसे होते. शिवाय ‘कंटाळणे’ ही क्रिया मराठीत पावसाला, वाट पाहण्याला आणि एकसुरी जेवणालाही चालते. वर्षानुवर्षांच्या कोंडीस ती अपुरी आहे. अपात्र प्रकरणांचाही साचा ठरलेला आहे. तेथे ‘व्यसनाधीनता’ अथवा ‘कौटुंबिक कलह’ येतो. वस्तुतः कर्ज, दारू आणि घरातील भांडण ही तीन वेगवेगळ्या माणसांची तीन कारणे नसून पुष्कळदा एकाच माणसाची एकापाठोपाठ आलेली तीन वर्षे असतात. रकान्यात मात्र एकच कारण मावते.

‘शेतकरी’ या शब्दाचीही अशीच गत आहे. महसूल खात्यास शेतकरी ओळखता येतो तो सातबाऱ्यावरून. बटईने दुसऱ्याची जमीन कसणारा, बापाच्या हयातीत शेत सांभाळणारा मुलगा, नवऱ्याच्या नावावरील शेतात दिवसभर राबणारी स्त्री, यांची नावे तेथे कर्ता म्हणून सहसा नसतात. पोलिसांची व्याख्या निराळी, आणि तीही बदलत राहिली. राष्ट्रीय अहवालात २०१३ पर्यंत शेतीत स्वयंरोजगार असलेल्यांचा एक वर्ग होता. त्या वर्षी त्यात ११,७७२ आत्महत्या नोंदल्या होत्या. २०१४ पासून शेतकरी व शेतमजूर असे दोन वर्ग झाले आणि शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० वर आला. शेतमजुरांचा ६,७१० झाला. एका वर्षात शेतकऱ्यांचे दुःख निम्मे झाले असे कोणी म्हणणार नाही. रकाना बदलला, एवढेच. दीर्घ कालमालिका मांडणाऱ्या विद्यार्थ्याने २०१४ ही रेघ ओलांडताना हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. स्त्रियांविषयी तर अहवाल अधिकच मूक आहे. २०२१ साली आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक ‘गृहिणी’ या व्यवसायाखाली नोंदल्या गेल्या. बीडच्या ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. एकट्याचा ‘अर्धा कोयता’. कामाचा हिशेब स्त्रीला निम्मा कोयता मानतो, मृत्यूची नोंद तिला गृहिणी मानते.

आता उत्पन्नाकडे पुन्हा वळता येईल. कोयत्याच्या जोडीला हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ मिळते. ती हातात पडते तेव्हा उत्पन्नासारखी दिसते, आणि वस्तुतः ते कर्ज असते, जे पुढील पाच-सहा महिन्यांच्या श्रमाने टनामागे फिटावयाचे. ऊस कमी पडला, जोडीतील एकजण आजारी पडला, की उचल फिटत नाही. ‘बाकी अंगावर राहते’ आणि पुढच्या हंगामात ओढली जाते. या व्यवहाराचा कागद सहसा नसतो. तीच गोष्ट बियाणे-खतांच्या दुकानातील उधारीची, विनापरवाना सावकाराची आणि सोयऱ्याधायऱ्यांकडून लग्नासाठी घेतलेल्या पैशाची. यांतील कोणतेही देणे २००५ च्या अटींतील ‘कर्ज’ या शब्दात बसत नाही. बँकेचे कर्ज ज्यास मिळू शकले तो तुलनेने पतदार असतो. तेव्हा ‘पात्र’ प्रकरणांवरून शेतकऱ्याची सांपत्तिक स्थिती ठरविणारा अभ्यास नकळत अधिक पत असलेल्यांचाच अभ्यास करीत असतो, आणि त्यातून ‘अगदी गरीब शेतकरी आत्महत्या करीत नाही’ असा निष्कर्ष निघाला तर तो अटींनीच आधी ठरवून ठेवलेला असतो.

या अडचणींतून वाट काढणारे काम महाराष्ट्रात झालेच नाही असे नाही. श्रीजित मिश्र यांनी २००६ मध्ये दाखविले, की राज्यातील पुरुष शेतकऱ्यांतील आत्महत्यांचा वयानुरूप दुरुस्त केलेला दर १९९५ मध्ये लाखास १५ होता, तो २००४ मध्ये ५७ झाला. पश्चिम विदर्भातील १११ प्रकरणांत त्यांना ८६ टक्क्यांहून अधिक ठिकाणी कर्ज आणि सुमारे ७४ टक्के ठिकाणी आर्थिक स्थितीतील घसरण आढळली. त्यांनी आत्महत्या घडलेली घरे व त्याच गावांतील इतर घरे शेजारी ठेवून पाहिली. तेव्हा थकीत कर्ज पहिल्या गटात पुष्कळ अधिक होते आणि बैल कमी होते. बैलांचा उल्लेख किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. घरचा बैल जाणे ही शेतकऱ्याच्या घसरणीची अशी पायरी आहे, की जी गावास दिसते आणि उत्पन्नाच्या रकान्यात दिसत नाही. येथे दुर्खीम यांचे म्हणणे आठवते : घात करते ती कमी उत्पन्नाची पातळी नव्हे, तर पातळीवरून खाली येणे. मिश्र यांची प्रकरणे विदर्भातील आहेत आणि बीडचा ऊसतोडीचा व्यवहार तेथे नाही, हे मात्र विसरू नये.

शिक्षणाचा प्रश्न या घसरणीशी जोडला म्हणजे मधल्या पायऱ्यांवरील फुगवट्याचा अर्थ काही अंशी लागतो. बीडच्या शेतकरी कुटुंबात शिक्षण ही मिळकत होण्यापूर्वी दीर्घकाळ खर्च असते. मुलगा लातूरला शिकवणीस किंवा पुण्यास स्पर्धा-परीक्षेसाठी जातो. त्यापायी जमीन गहाण पडते किंवा विकली जाते. डी.एड. पदविकेच्या भरभराटीच्या काळात अनेक घरांनी असेच पैसे घातले, आणि पुढे शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडली. शिकलेला मुलगा गावी परततो तेव्हा त्याच्या हाताशी बापापेक्षा कमी जमीन आणि बापापेक्षा अधिक अपेक्षा असते. सोयरिकीत पहिला प्रश्न ‘नोकरी आहे का?’ हाच होतो. नोंदीत मात्र तो ‘शिक्षण : बारावी, व्यवसाय : शेती’ असा येतो, आणि कर्ज शिक्षणासाठी होते हे कोठेच येत नाही, कारण ते पीककर्ज म्हणूनच काढलेले असते. त्याच्या वडिलांनी जीव दिला तर त्यांच्या नावापुढे ‘प्राथमिक’ लिहिले जाते. अशा घरात शिक्षणाचा परिणाम एका पिढीच्या शिक्षणात आणि दुसरीच्या मृत्यूत दिसू शकतो. व्यक्तिशः केलेल्या तक्त्याला तो पकडता येत नाही.

ऊसतोड कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत ‘शिक्षण’ हा रकाना आणखी एका रीतीने अपुरा पडतो. आई-बाप फडावर गेले की मूल त्यांच्यासोबत जाते किंवा आजीपाशी राहते. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, गावी हंगामी वसतिगृहे आली. तरीही दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचे शिक्षण तुटक राहिले. अशा रीतीने सातवी गाठलेला आणि एका बाकावर बसून सातवी गाठलेला, हे दोघे तक्त्यात समान आहेत. ‘किती शिकला?’ याऐवजी ‘शाळा कोणत्या महिन्यात सुटली आणि कशासाठी?’ असे विचारले असता निराळी माहिती हाती येईल.

विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांच्या कार्यकाळात मराठवाड्यात सुमारे दहा लाख शेतकरी कुटुंबांची पाहणी झाली आणि २०२३ मध्ये तिची चर्चा झाली. त्यांतील एक लाखाहून अधिक कुटुंबे अतिसंवेदनशील असल्याचे तीत आढळले, आणि पेरणीपूर्वी एकरी दहा हजार रुपये थेट द्यावेत अशी शिफारस पुढे आली. या पाहणीच्या पद्धतीविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु तिने प्रश्न मृतांच्या नातेवाइकांस न विचारता जिवंत माणसांस विचारले, आणि तेही साहाय्याच्या अटींचा फास गळ्याभोवती नसताना, ही तिची विशेषता आहे. ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्त्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनःस्थितीविषयी विचारतात, तेथेही हीच दिशा आहे.

अशा प्रश्नावल्यांच्या मराठीकडे विद्यापीठीय अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे. त्या पुष्कळदा इंग्रजीवरून उतरविलेल्या असतात. ‘आपणास नैराश्य वाटते का?’ या प्रश्नास केज वा पाटोद्याकडील प्रौढ शेतकरी ‘नाही’ म्हणेल, आणि ते असत्यही नसेल, कारण ‘नैराश्य’ हा त्याच्या बोलण्यातील शब्दच नाही. ‘मन लागते का?’, ‘जेवण जाते का?’, ‘रात्री डोळ्याला डोळा लागतो का?’ या प्रश्नांना तो उत्तर देईल. त्याच्या स्वतःच्या तोंडी असेल तो शब्द ‘टेन्शन’. बीडच्या खेड्यांत हा शब्द कर्जाला, मुलीच्या लग्नाला, पावसाच्या ओढीला आणि छातीतील धडधडीला सारखाच वापरला जातो. आर्थिक कारण, कौटुंबिक कारण आणि आजार हे तिन्ही रकाने त्या एका शब्दाने भरता येतात. कार्यकर्तीने त्यांपैकी कोणत्या रकान्यात खूण केली, यावर त्या घरी पुढे तलाठी जाईल की डॉक्टर, हे ठरते.